मैदानातला पिवळा तुकडा

हरळी जगवायची कशी, हे मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलो. त्याआधी ती मारायची कशी एवढंच येत होतं.

आमचं रान नळदुर्गजवळ, हायवेपासून थोडं आत. वर काळी माती, खाली मुरूम. आता तिथं क्रिकेटचं मैदान आहे. माझा मुलगा शंभुलिंग पुण्यात नोकरी करतो. त्याची आई इरम्मा वारली, तेव्हा त्यानं ते रान सोलापूरच्या वैजनाथशेठना लांबच्या करारानं दिलं. शेठना मुलांसाठी क्रिकेटची अकॅडमी काढायची होती. मी एकट्यानं शेती ओढू नये असं शंभूचं म्हणणं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. करार होण्याआधी मी त्याला एकच विचारलं, "वरच्या बांधाचा कोपरा?"

"तो सोडायचाच आहे बाबा. शेठशी बोललोय मी."

त्या कोपऱ्यात इरम्मा होती.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. खड्डा काढून त्याच्या एका अंगाला कोनाडा कोरतात. त्यात मांडी घालून बसवतात. हातात इष्टलिंग, अंगाला भस्म, भोवती बेलाची पानं आणि मीठ. मग माती लोटतात. आमच्याकडं बरीच घरं आपल्याच रानात जागा करतात. वर्ष झालं की त्यावर कट्टा बांधायचा, तोवर खूण म्हणून दगड ठेवायचे. मी दगड ठेवले होते. मीठही मीच ओतलं होतं, दोन पोती. कमी पडू नये म्हणून दुसरं पोतं फोडलं.

त्यानंतर शंभूनं मला पुण्याला नेलं. सहाव्या मजल्यावर घर. सूनबाई शिवगंगा चांगली आहे, तिनं मला काही कमी केलं नाही. पण सकाळी उठून जायचं कुठं, हे मला तिथं कधी कळलं नाही. लिफ्टनं खाली जायचं, फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. उन्हाळा सरत आला तसा मी म्हणालो, मला गावाकडं सोडा.

गावाकडं आलो तर रान नव्हतं.

रान होतं, पण माझ्या ओळखीचं काही त्यात उरलं नव्हतं. बांध गेले होते. बांधावरचा कडुलिंब गेला होता. वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला ओढली होती, सगळं एका पातळीत आणलं होतं आणि भोवती जाळीचं कुंपण घातलं होतं. पोकलेनवाल्याला कुणी कोपरा दाखवलाच नव्हता. शेठला वाटलं शंभूनं दाखवला असेल, शंभूला वाटलं शेठनं सांगितलं असेल. ड्रायव्हरला दगड म्हणजे दगड. तो काम उरकून दुसऱ्या गावाला गेलासुद्धा.

मी वरच्या अंगाला उभा राहिलो. बांध नाही, झाड नाही, मग कोपरा कुठून मोजायचा? इथं असेल म्हणून चार पावलं सरकलो तर तिथंही तसंच वाटायचं.

वैजनाथशेठ आले तेव्हा त्यांनी हात जोडले. म्हणाले, "लई वाईट झालं बघा. मुद्दाम केलं न्हाय कुणी. जागा सापडली तर सांगा, आपण बाहेर चांगली समाधी बांधू. माझ्याकडनं बांधतो."

"बाहेर म्हंजे?"

"कुंपणाच्या बाहेर. मैदानात कशी ठेवायची, तुमीच सांगा."

शंभूचंही तेच. फोनवर म्हणाला, "बाबा, जंगमांना विचारलंय मी. विधी करून हलवता येतं म्हणाले. फक्त जागा सापडू द्या."

आमच्यात विधी करतो तो जंगम; आमच्या गावच्या जंगमानं उलटं सांगितलं होतं. बसवलेल्या माणसाला उठवायचं नाही. मला विधीतलं फार कळत नाही. पण इतक्या महिन्यांनी फावड्यावर काय येईल ते मला कळत होतं. म्हणून मी जागा शोधायची ठरवलं आणि सापडली तर कुणाला सांगायची नाही, हेही ठरवलं.

आत यायला काम हवं होतं. कुंपणाच्या आत फक्त कामाची माणसं यायची. शेठला मैदान राखायला कायमचा माणूस हवाच होता. त्यांनाही बरं वाटलं. तेव्हापासून माझ्या रानात मी नोकरीला आहे.

मला शिकवायला इरशाद आला. सोलापूरचा, पस्तिशीतला. दोन-तीन मोठ्या मैदानांवर काम केलेला, ट्रेनिंग घेतलेला. हळू बोलायचा. मला मामा म्हणायचा.

पहिल्या दिवशी टेम्पोतून पोती उतरली. ओली, घट्ट बांधलेली. त्यानं एक सोडलं आणि मूठभर कांड्या माझ्या हातात दिल्या. "मामा, ही आपली बर्म्युडा."

मी बघितलं. "ही हरळी हाय."

"हरळीच हाय. पण कॉलेजला गेलेली."

मी हसलो नाही, त्याला वाटलं मला राग आला. राग नव्हता. इरम्मानं जन्मभर या रानात जी खणली ती हीच. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला खुरप्यानं पडलेला घट्टा होता तो हरळीचाच. एक कांडी राहिली तरी सगळं वावर धरते म्हणून ती बांधावर न टाकता घरी आणून चुलीत घालायची. आणि आता मी तीच पोत्यांनी पेरायला बसलो होतो.

रोपवाटिकेचा एक वाफा केला होता. तिथं इरशादनं मला बसवलं. बाकीचं गवत काढायचं आणि हरळी ठेवायची, असं सांगून तो पिचकडं गेला. परत येऊन बघतो तर मी हरळी उपटून बाजूला रचलेली आणि मध्येमध्ये लव्हाळा तसाच. माझ्या हाताला मी काही सांगितलंच नव्हतं.

तो ढिगाकडं बघत राहिला. "मामा, दुश्मनी हाय का काय तिच्याशी?"

"लई जुनी."

"मग आता दोस्ती करा. तिच्याशिवाय आपल्या दोघांस्नी भाकर न्हाय."

मग मी शिकलो. लहान तुकडे पसरायचे, वर पातळ माती, हलका रोलर. मूळ धरेपर्यंत पाणी थोडं थोडं, पण दिवसातून पुष्कळदा. धरल्यावर उलटं करायचं, पाणी भरपूर द्यायचं पण दिवसाआड, म्हणजे मूळ पाण्याच्या मागं खाली जातं. रोज वरवर पाजलं तर मूळ वरच लोळतं आणि उन्हाळ्यात मरतं. कापताना पात्याचा वरचा तिसरा हिस्साच घ्यायचा. एकदम बुडापासून कापलं तर तांबडं पडतं. मशीनच्या पात्याला धार नसली तर टोकं फाटतात आणि मैदान लांबून पांढुरकं दिसतं. रोलर कधी फिरवायचा ते इरशादनं मुठीवर शिकवलं. माती मुठीत दाबायची. चिखल झाला तर थांबायचं, भुगा झाला तर पाणी द्यायचं. गोळा झाला आणि बोटानं दाबल्यावर फुटला तर रोलर काढायचा.

हे सगळं करताना मी वरच्या अंगाला बघत होतो. माझा हिशेब असा होता. जिथं एकदा माती उकरून भरली, ती जागा पाण्यानं दबते. तिथं खोलगट पडेल. गवत धरलं, फवारे रोज चालायला लागले, की ती मला दिसेल.

पण मैदानावर खोलगट पडूच द्यायचं नसतं. पंधरवड्यानं इरशाद दोरी लावायचा, फळी ओढायचा आणि जिथं जिथं फळीखालून उजेड दिसेल तिथं वाळू-माती भरायला सांगायचा. मी भरायचो. एका बाजूनं वाट बघायची आणि दुसऱ्या बाजूनं बुजवायचं.

वर्ष झालं त्या दिवशी शांताक्का आल्या. इरम्माची थोरली बहीण, सास्तूरला दिलेली. डब्यात हुग्गी, गव्हाची खीर आणलेली, हार आणलेला. फाटकावर मला म्हणाल्या, "चला, दाखवा. कट्टा कुठवर आलाय?"

मी त्यांना वरच्या अंगाला नेलं. त्या चालत राहिल्या. मी थांबलो तशा थांबल्या.

"इथं?"

"इथंच कुठंतरी."

"कुठंतरी म्हंजे?"

मी हातानं दाखवलं. हात फिरवला तर त्यात दहा बैलगाड्या बसतील एवढी जागा आली.

"मी आलते की मातीला. लिंब उजवीकडं होता."

"लिंब कुठं होता अक्का?"

त्यांनी बघितलं. मग दुसरीकडं वळून बघितलं. "हितं… न्हाय. विहिरीच्या नीट रेषेत. विहीर कुठंय?"

"बुजवली."

त्या खाली बसल्या. हार हातातच होता. "पाव्हणं, माणूस हरवतं, जनावर हरवतं. पुरलेली बायको कशी हरवली तुमाला?"

त्यांनी हुग्गी मला दिली नाही. हार फाटकाच्या खांबाला अडकवून गेल्या.

त्या उन्हाळ्यात वरच्या अंगाला एक तुकडा पिवळा पडला.

आधी मी कमी पाणी म्हणून बघितलं. फवाऱ्याचं तोंड साफ केलं, पाणी वाढवलं. तुकडा वाढला. खाटेएवढा होता तो दोन खाटांएवढा झाला. पात्यांची टोकं जळाली, मग मधलं गवत गेलंच. पाणी तिथंच साचून राहायचं, जिरत नव्हतं. वाळल्यावर सकाळी मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसायचं. इरशादनं बोट लावून जिभेवर ठेवलं आणि थुंकला.

"खार."

"बोरचं पाणी?" मी विचारलं.

"बोरचं असतं तर सगळीकडं आला असता. हा एकाच जागी." त्यानं मातीची बाटली भरून सोलापूरला तपासायला नेली. परत आला तेव्हा डोकं खाजवत होता. "मामा, हे शेतातलं खारवट चोपण न्हाय. हे खायचं मीठ हाय. हितं आधी काय होतं? जनावरांची चाट? कुणी मिठाची पोती रचलीवती का?"

मी उभा होतो तिथून मागं सरकलो. कशासाठी सरकलो ते माझ्या लक्षात आलं तेव्हा माझे दोन्ही पाय तुकड्याच्या बाहेर होते.

वरच्या अंगाची माती कापली होती. म्हणजे इरम्मा जेवढी खोल होती तेवढी आता नव्हती. वर रोजचं पाणी, त्यावर ऊन. काळ्या रानात पाणी दिलं की खालचा खार वर ओढला जातो, हे मला आधीपासून ठाऊक होतं. इथला खार मात्र माझाच होता, मी ओतलेला.

"आठवत न्हाय," मी म्हणालो.

इरशादनं माझ्याकडं बघितलं. मग फवारे बंद करायला गेला.

मी घरी येऊन बसलो. एवढ्या महिन्यांनी ती सापडली होती. मला बरं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मी तिच्याशी बोललोही थोडं, भाकरी करता करता. मग दुसऱ्या दिवशी वैजनाथशेठ आले आणि त्यांनी तुकडा बघितला.

"हे काय लावलंय? पावसाळा उतरला की क्रिकेट असोसिएशनची माणसं बघायला यायचीत. मैदान पास झालं तर मोठ्या मॅचेस मिळतील. त्यात हे?"

इरशाद म्हणाला, "पाणी जिरत न्हाय शेठ. खार हाय."

"मग चर काढा. त्या बाजूनं नाल्यापर्यंत सरळ चर मारायचा, छातीएवढा. भोकाचा पाइप टाकायचा, वर खडी. कंत्राटदार म्हणतो एका दिवसात मशीननं होतंय."

"कुठनं जाईल चर?" मी विचारलं.

शेठनं पायानं दाखवलं. बुटाचं टोक पिवळ्या तुकड्याच्या मधोमध टेकलं.

त्या दिवशी मला कळलं की मी कुठं अडकलोय. सांगितलं तर शंभू आणि शेठ दोघं चांगल्या मनानं तिला उकरून कुंपणाबाहेर नेणार. नाही सांगितलं तर मशीन तिच्यातून चर मारणार. नोकरी सोडली तर दोन्हीतलं काय होतंय ते मला कुंपणाबाहेरून बघावं लागणार. आणि तुकडा असाच राहिला तर तो रोज कुणाला ना कुणाला बोलावणार, इथं काय आहे ते बघा म्हणून.

मी शंभूला फोन केला. चराचं सांगावं म्हणून केला.

"बाबा, आता तुम्ही त्या कामात लक्ष घालू नका. शेठ बघतील. आणि आईची जागा, काही कळलं का?"

"कळली तर काय करशील?"

"लगेच सुट्टी टाकून येतो. जंगमांशी बोलणं झालंच आहे. एका सकाळचं काम आहे. दगडी कट्टा बांधू, वर नंदी बसवू. तुम्हाला रोज दिवा लावता येईल."

आईवर त्याचा जीव होता. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून तर अवघड होतं.

"न्हाय कळली," मी म्हणालो.

इरशादला मात्र सांगावं लागलं. त्याच्याशिवाय काही होणार नव्हतं. पिचच्या मागं आम्ही डबा खायला बसायचो. तो ज्वारीची भाकरी आवडीनं खायचा, म्हणून मी दोन जास्त करायचो. मी म्हणालो, "इरशादभाई, त्या तुकड्याखाली माझं माणूस हाय."

त्याचा घास हातात राहिला. मी त्याला मिठाचं सांगितलं. त्यानं तुकड्याकडं वळून बघितलं. मग म्हणाला, "कवाधरनं ठाव हाय?"

"तुमी जीभ लावून थुंकला, मग तपासून खायचं मीठ म्हणाला, तवापासनं."

"या अल्ला." त्यानं घास डब्यात ठेवला. "मामा, तवाच सांगायचं. मी थुंकलो हो तिथं."

"तुमाला कुठं ठाव होतं."

"शेठला सांगू या?"

"सांगितलं की उकरतील."

त्यानं मान हलवली. "न्हाय, उकरायचं न्हाय. आमच्यात बी न्हाय चालत." मग तो काम करणाऱ्या माणसासारखा विचार करायला लागला. मला ते बरं वाटलं. "चर कशापायी काढायचाय? पाणी जिरत न्हाय म्हणून. पाणी कशापायी जिरत न्हाय? मिठानं माती घट्ट झाली म्हणून, आणि वरनं आपण रोलर दाबला म्हणून. बरोबर? मग वरनंच बरं केलं तर चर कशाला?"

"होतंय?"

"अवघड हाय. पाऊस उतरेपर्यंत मुदत मागतो. नीट न्हाय झालं तर मशीन येणार, मी थांबवू शकत न्हाय."

त्यानं शेठला सांगितलं की चर मारला तर आजूबाजूचं गवतही जाईल आणि पाहणीच्या आधी भरून येणार नाही. शेठनं कुरकुर करत ऐकलं. म्हणाले, "गवत आलं तर आलं. न्हाय आलं तर दुसऱ्या दिवशी मशीन."

मग मी आतापर्यंत शिकलेलं सगळं त्या दोन खाटांएवढ्या जागेवर लावलं.

आधी मेलेलं गवत हातानं काढलं. खुरपं लावलं नाही. मग टोच्यानं भोकं पाडायची होती, म्हणजे पाण्याला खाली वाट मिळते. टोच्या म्हणजे लोखंडी दातांचा काटा, पायानं दाबायचा. दात वितीएवढे. वितीएवढंच जातंय, ती पुष्कळ खाली आहे, हे मला माहीत होतं. तरी पाय उचलला की तो खाली येईना. इरशाद म्हणाला, "मी करू?" मी म्हणालो, नको. चप्पल काढली आणि अनवाणी पायानं दाबला. लोखंडाची कड तळव्याला लागत होती. अख्ख्या तुकड्यावर भोकं पाडली.

भोकांत मिठाची पकड सोडवणारी जिप्समची पूड भुरभुरली. भोवती मातीचे वरंबे घालून आळं केलं, झाडाला करतो तसं. आणि पाणी सोडलं. गोडं पाणी, टँकरचं. बोरचं नको, त्यात आधीच क्षार. आळं तुडुंब भरायचं आणि बसून बघायचं. पहिल्यांदा ते दिवसभर हललं नाही. मला वाटलं संपलं. पुन्हा भोकं पाडली, पुन्हा जिप्सम. मग एक दिवस पाण्याच्या मधोमध बुडबुडे आले, आणि पाणी खाली उतरायला लागलं. इरशाद बाजूला उकिडवा बसला होता. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

वरचं मीठ पाण्याबरोबर खाली जायचं होतं. खाली म्हणजे तिच्याकडं. हे मी इरशादला बोललो नाही. जिथं घातलं होतं तिथं परत चाललंय, असं म्हणून मी पाणी सोडत राहिलो. फवाऱ्याचं काम आटपून यायचं, आळं भरायचं, बसायचं. शेठचा मुनीम एकदा म्हणाला, "मामा, या तुकड्याचा लईच जीव लागलाय तुमाला."

"डाग राहतोय, बरं दिसत न्हाय," मी म्हणालो.

पावसानं मदत केली. श्रावणात जोर धरला आणि माती धुतली गेली. इरशादनं पुन्हा जीभ लावली नाही, बाटली नेली. म्हणाला, "उतरलंय. आता लावू." मैदानाच्या खालच्या अंगाच्या चांगल्या गवताच्या वड्या कापून आणल्या, विटा लावतो तशा लावल्या. सांधे वाळूनं भरले. हाताच्या पंज्यानं थोपटून बसवल्या. कोवळं पातं फुटलं तेव्हा मशीन लावलं नाही, कात्रीनं कापलं, वरचा तिसरा हिस्सा.

हळूहळू वड्यांच्या रेषा दिसेनाशा झाल्या. हरळी एकमेकीत शिरली. आता त्या जागेचा आणि बाजूच्या जागेचा रंग एक झाला. मी रोज सकाळी येऊन बघायचो आणि रोज ती जागा ओळखायला थोडा जास्त वेळ लागायचा. हेच तर हवं होतं मला. आणि तेच होत होतं म्हणून तिथून पाय निघायचा नाही. एकदा ती हरवली होती ती दुसऱ्यांच्या हातून. आता मीच घालवत होतो.

कुंपणाच्या खांबांवरून मी माप डोक्यात बसवून घेतलं. कुठं लिहिलं नाही, कुणाला दाखवलं नाही.

पाहणीच्या आधी आठवडाभर इरशाद म्हणाला, "मामा, तुमी तिथं रोलर फिरवत न्हाय."

"वळसा घालतो."

"मला दिसतंय. पण तेवढीच जागा उंच राहिली. बघा." त्यानं फळी ठेवली. फळी डुगडुगली. "पळणाऱ्या पोराचा पाय मुरगळंल तिथं. मग परत सगळे त्याच जागी गोळा होतील, काय हाय म्हणून."

मी फळी उचलून बाजूला ठेवली. तो म्हणाला, "आमच्याकडं बी कबरीवर पाय देत न्हाईत. मला कळतंय. पण तुमीच ठरवलंय न्हवं तिला इथं ठिवायची?"

मी मूठभर माती उचलली. दाबली. गोळा झाला, बोटानं फुटला. रोलरची वेळ बरोबर होती, आता टाळायला निमित्त नव्हतं. रोलर छोटाच होता, दोघांनी ओढायचा. इरशादनं एक मूठ धरली, मी एक. तिच्याजवळ आलो तेव्हा मी मनात म्हणालो, इरम्मा, येतोय बघ. आणि ओढला. काही झालं नाही. आवाजसुद्धा नाही. तीनदा ओढला, फळी ठेवली, ती बसली.

असोसिएशनची दोन माणसं आली. पिच बघितलं, पाण्याचं बघितलं. एकानं चेंडू घेतला आणि वरच्या अंगाला सीमारेषेकडं घरंगळत सोडला. चेंडू तिच्यावरून गेला. उडाला नाही, थांबला नाही. तो माणूस म्हणाला, "छान लागलंय गवत." शेठनं माझ्याकडं बोट दाखवलं, "आमचे मामा." चराचं कुणी नाव काढलं नाही.

त्या दिवशी शंभूही आला होता. शेठनंच बोलावलं होतं. सगळे चहाला गेले तेव्हा तो मला शोधत मैदानात आला. मी फवाऱ्याची नळी गुंडाळत होतो. तो बोलत बोलत सरकला आणि बरोबर तिथं उभा राहिला. चांगले चामड्याचे बूट होते पायात.

"बाबा, इतकं हिंडलात इथं. आईची जागा नाहीच ना सापडली?"

मी नळी गुंडाळत राहिलो. एका शब्दाचं काम होतं. बोट दाखवायचं होतं फक्त, त्याच्या पायाकडं. त्यानं खाली वाकून रडून घेतलं असतं. आणि पुढच्या महिन्यात तो जंगमाला घेऊन आला असता.

"न्हाय सापडली."

त्यानं सुस्कारा सोडला. "माझंच चुकलं. मी उभं राहून कोपरा दाखवायला हवा होता."

"तुझं काय चुकलं न्हाय. बूट काढ."

"काय?"

"बूट काढ. गवत कोवळं हाय, टाचेनं उखडतंय."

त्यानं बूट काढले, मोजे काढले. अनवाणी उभा राहिला. लहानपणी ती त्याला रानात चप्पल घालायला लावायची, काटे लागतात म्हणून. मी त्याच्या पायांकडं बघत होतो. त्यानं बोटं गवतात रुतवली.

"गार आहे," तो म्हणाला.

"व्हय."

त्यानं बूट हातात घेतले. मग तो म्हणाला, "आता मैदान पास झालं. इरशादभाईही चालले लातूरला. शेठ दुसरा माणूस बघतील. तुम्ही चला ना पुण्याला. एकटे किती दिवस राहणार इथं?"

"दुसऱ्याला जमायचं न्हाय."

"का नाही जमणार? गवतच तर कापायचंय."

"त्यालाबी शिकावं लागतं," मी म्हणालो. "थोडा सरक. पाणी द्यायचंय."